बारा व्होल्टच तर आहेत! जुन्या गाडीत सॉकेट बसवण्याआधी

उन्हाळा लागला की रस्त्यात पेटलेल्या गाड्यांचे व्हिडिओ फिरू लागतात. कधी एक्स्प्रेसवे, कधी उड्डाणपूल, कधी सोसायटीचं पार्किंग. बातमी कुठलीही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं: 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' आपण 'अरेरे' म्हणतो आणि पुढची बातमी वाचतो. शॉर्टसर्किट म्हणजे गाडीत नेमकं काय झालं, हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

मला विचारावं लागलं ते माणगावात. आमची गाडी २००७ची, त्यात सगळ्यात स्वस्त मॉडेल. महागाच्या मॉडेलमध्ये स्टिरिओखाली जिथे सॉकेट असतं, तिथे आमच्याकडे काळ्या प्लास्टिकचं डमी झाकण. तीन वर्षांपूर्वी गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या एका वायरमनकडून तिथे सॉकेट बसवून घेतलं. वीस मिनिटांचं काम. त्याने स्टिरिओ बाहेर ओढला, मागची एक वायर दातांनी सोलली, तिला नव्या वायरचा पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली. "झालं साहेब, दोनशे द्या." फोन चार्ज व्हायला लागला, मी खूश.

पुढे दोन वर्षं काही झालं नाही. मग एकदा गुहागरला जाताना ताम्हिणी उतरल्यावर मागचं चाक बसल्यासारखं वाटलं, म्हणून माणगावात गाडी बाजूला घेतली आणि मेहुण्याने भेट दिलेला हवेचा पंप त्या सॉकेटला लावला. चार-पाच मिनिटांत स्टिरिओ गप्प झाला आणि डॅशबोर्डमधून जळक्या प्लास्टिकचा वास आला. पिन उपसून काढली तर हातात धरवेना.

आग लागली नाही. पुण्यात परतल्यावर आमच्या भागातल्या जुन्या वायरिंगवाल्या चाचांनी स्टिरिओ बाहेर काढला आणि तो जोड माझ्या तळहातावर ठेवला. टेप वितळून काकवीसारखी चिकटली होती, आतलं तांबं काळं पडलं होतं. मग त्यांनी फ्यूज काढून उजेडात धरला. आतली तार शाबूत. "फ्यूज उडालाच नाही, बघा."

वायर जळाली आणि फ्यूज जसाच्या तसा. हे कसं, ते समजायला मला बराच वेळ लागला. जुन्या गाडीत सॉकेट बसवायचं तर नेमकं तेवढंच समजून घ्यायला हवं. बाकी काम सोपं आहे.

गच्चीवरची टाकी

तीन शब्द लागतील. सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा.

टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. विजेतला हा जोर म्हणजे व्होल्ट. पाइपातून सेकंदाला किती पाणी वाहतं, तो वाहता करंट म्हणजे अँपिअर. आणि जोर व प्रवाह मिळून जे काम होतं, ते वॅट. हिशेब शाळेतला आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट.

घरातल्या विजेची टाकी फार उंचावर आहे, २३० व्होल्ट. गाडीची टाकी जेमतेम स्टुलावर ठेवलेली, १२ व्होल्ट. खरं तर चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ दाखवते आणि इंजिन चालू असताना १४च्या आसपास. कारण तेव्हा अल्टरनेटर, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला अजूनही 'डायनमो' म्हणतात तो, तिला भरत असतो. बोलताना मात्र सगळे बाराच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

"बाराच व्होल्ट, त्यात शॉकसुद्धा लागत नाही"

हे वाक्य मी स्वतः कित्येकदा म्हटलं आहे. आणि ते खरंही आहे. कोरड्या हाताने बॅटरीची दोन्ही टोकं धरली तरी काही जाणवत नाही. म्हणून आपण गाडीच्या वायरिंगला खेळण्यातलं समजतो. चूक इथेच होते.

स्टुलावरच्या टाकीतून बादली तेवढ्याच वेळात भरायची तर काय लागेल? जाड पाइप. जोर कमी, म्हणून प्रवाह जास्त हवा. विजेचंही तसंच. घरातल्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. गाडीत तेच १०० वॅट हवे असतील तर आठ अँपिअरच्या वर करंट ओढावा लागतो, म्हणजे जवळजवळ एकोणीस पट. आणि वायर तापते ती अँपिअरने, व्होल्टने नव्हे. त्यातही करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

एक उदाहरण करून बघू. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत छोट्या गाडीत साधारण दोन मीटर वायर लागते. फोनच्या चार्जरसारखी बारीक, अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली आणि तिच्यातून १० अँपिअर नेले, तर सुमारे सात वॅट त्या वायरीतच जळतात. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर दीड वॅटसुद्धा नाही. दुकानात या मापाला नुसतं 'अडीचची वायर' म्हणतात. दोन वायरींच्या किमतीत फरक असतो एखाद्या वडापावाचा.

शॉक लागत नाही, पण भाजतं मात्र जोरदार. बॅटरीवर काम करताना हातातलं कडं, अंगठी किंवा पाना एकाच वेळी बॅटरीच्या प्लसला आणि गाडीच्या बॉडीला टेकला, तर त्यातून शेकडो अँपिअर धावतात. याचंच नाव शॉर्टसर्किट. करंटला काम करत लांबून जायचं होतं, त्याला जवळची पळवाट सापडली. वाटेत अडवणारं कुणी नाही, म्हणून बॅटरी जेवढा देऊ शकेल तेवढा सगळा करंट एकदम सुटतो. चाचांच्या उजव्या मनगटावर पट्ट्यासारखा जुना डाग आहे. तो घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्याचा आहे.

सॉकेटला काय माहीत तुम्ही काय खुपसणार?

यावर हमखास येणारा प्रश्न: फोनच तर चार्ज करायचाय, त्याला अडीचची वायर कशाला?

फोनपुरतं खरं आहे. १८-२० वॅटचा चार्जर गाडीकडून दोन अँपिअरच्या आतच घेतो, डॅशकॅम तर एकाहून कमी. माझा पीळ दिलेला जोड दोन वर्षं टिकला तो यामुळेच. पण सॉकेट म्हणजे उघडं दार, त्यातून कोण येईल ते तुम्ही ठरवत नाही. हवेचा पंप आला की १० ते १५ अँपिअर. गाडी झाडायचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर ८ ते १०. लॅपटॉपसाठी १५० वॅटचा इन्व्हर्टर कुणी लावला, तर पूर्ण लोडवर १४ अँपिअरच्या आसपास. आणि एखाद्या काकूंनी हौसेने चहाची हजार वॅटची किटली आणली तर ऐंशीच्या वर अँपिअर लागतील. तेवढे तिथून कधीच मिळणार नाहीत, प्रयत्नही करू नये.

हे सॉकेट मुळात फोनसाठी जन्मलेलंच नाही. ते सिगारेट पेटवायच्या लायटरचं घर. लायटर आत दाबला की तळाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या त्याला पकडायच्या, आतली तार लाल झाली की पट्ट्या तापून वाकायच्या आणि लायटर टक्‌ करून बाहेर यायचा. काही सेकंदांचा खेळ. त्या गोल भोकात मधला ठिपका प्लस आणि भोवतीचा डबा मायनस. आपली पिन तिथे दोन स्प्रिंगांच्या भरवशावर उभी असते, आणि खड्ड्यात गाडी आदळली की हलते. म्हणजे आपण तासन्‌तास वीज नेण्यासाठी अशी वस्तू वापरतोय, जी दहा-पंधरा सेकंदांसाठी घडवली होती. म्हणून सॉकेट स्वस्तातलं घेऊ नका. हाताला जड लागणारं, आतला डबा जाड पत्र्याचा असलेलं आणि झाकणवालं घ्या. झाकण धुळीसाठी असतंच, त्याहून जास्त ते मुलांनी आत टाकलेल्या नाण्यांसाठी आणि केसांच्या पिनांसाठी असतं. आणि 'फक्त पॉवर'साठीच्या सॉकेटमध्ये लायटर कधीही घालू नका, त्यात त्या पकडणाऱ्या पट्ट्या नसतात.

फ्यूज कुणाला वाचवतो?

बहुतेकांना वाटतं, फ्यूज फोनला वाचवतो. फ्यूजला फोनशी काही देणंघेणं नाही. तो वायरीसाठी ठेवलेला बळीचा बकरा आहे. वायर जळण्याइतका करंट वाहायला लागण्याआधी आपण जळायचं, एवढीच त्याची नोकरी.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. पहिली: फ्यूजचा आकडा वायरीवरून ठरतो, तुम्ही काय लावणार त्यावरून नव्हे. अडीचच्या वायरीला १५ अँपिअरचा फ्यूज लावा, निवांत राहा. बारीक वायरीला तोच १५चा लावला, तर आधी वायर शहीद होते. गाडीतल्या चपट्या पातीच्या फ्यूजला रंग ठरलेले आहेत: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. 'सारखा उडतोय' म्हणून लाल काढून हिरवा बसवणं, किंवा उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, म्हणजे घरात चोर शिरतोय म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधणं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि चांगले चांगले वायरमनही तिथे चुकतात. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, प्लसच्या टोकापासून वीतभर अंतरात. परत गच्चीवर चला. पाइप तिसऱ्या मजल्यावर फुटला आणि तुम्ही स्वयंपाकघरातला नळ बंद केलात, तर पाणी थांबेल का? मेन कॉक टाकीखालीच लागतो. वायर बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत येताना लोखंडी पत्र्यातून, कडांवरून जाते. तिची साल पत्र्याला घासून फाटली, तर तिथेच शॉर्ट होणार. फ्यूज सॉकेटच्या मागे बसवलेला असेल तर तो बिचारा हे सगळं लांबून बघत बसतो. वायर बॅटरीजवळ लाल होत असते आणि त्याच्यापर्यंत करंट पोचतच नाही.

जाता जाता: गाडीच्या चार्जरची पिन टोकाला फिरवून उघडते, बऱ्याच पिनांत तिथे काचेचा छोटा फ्यूज असतो. 'मेला' म्हणून फेकलेले निम्मे चार्जर तेवढ्यासाठी मेलेले असावेत, असा माझा संशय आहे.

मग माझा फ्यूज का उडाला नाही?

कारण माझ्या गाडीत शॉर्टसर्किट झालंच नव्हतं.

स्टिरिओचा फ्यूज होता १५चा, पंप ओढत होता बाराच्या आसपास. फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल. (तसंही १५चा फ्यूज सोळा झाले की लगेच उडत नाही, थोडा जास्त करंट तो बराच वेळ सोसतो.) बिघाड होता त्या पिळात. दोन वायरी पीळ देऊन जोडल्या की सुरुवातीला पक्क्या वाटतात. मग गाडी दोन वर्षं थरथरते, पावसाळ्याची दमट हवा आत शिरते, तांब्यावर काळसर थर चढतो, पीळ सैल होतो. आता करंटला जायला वाट उरते ती दोन-चार तारांपुरती. समजा, त्या जोडाचा विरोध एक दशांश ओहम झाला. विरोध म्हणजे वाटेतला अडथळा आणि ओहम हे त्याचं माप. एक दशांश म्हणजे इतका कमी, की साध्या मीटरवर धड कळणारही नाही. पण त्यातून १० अँपिअर गेले की तिथे १० वॅट उष्णता तयार होते. दहा वॅट म्हणजे काय विशेष, असं वाटेल. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची आयर्न २५ वॅटची असते आणि ती शिसं वितळवते. इथे त्याच्या चाळीस टक्के उष्णता, तुरीच्या दाण्याएवढ्या जागेत, वर टेपची रजई पांघरून.

आणि ही उष्णता होत असताना करंट वाढत नाही, उलट अडथळ्यामुळे किंचित कमीच होतो. फ्यूज मोजतो फक्त करंट. तापलेला जोड त्याला दिसूच शकत नाही. ताप आलाय आणि डॉक्टर नुसती नाडी बघतोय, तसं.

म्हणजे धोके दोन आहेत आणि ते वेगळे आहेत. शॉर्टसर्किट फ्यूज पकडतो, तो योग्य आकड्याचा आणि योग्य जागी असेल तर. सैल जोड कुणीच पकडत नाही. तो चांगला करणं हे जोडणाऱ्याच्या हातातच असतं. नंतर मात्र त्या तापलेल्या जोडाची साल वितळून वायर पत्र्याला टेकली, की खरंखुरं शॉर्टसर्किट होतं, आणि बातमीत तेवढाच शब्द येतो.

करंट घ्यायचा कुठून?

स्टिरिओची, वायपरची, हॉर्नची वायर सोलून अजिबात घ्यायचा नाही. गाडी बनवणाऱ्याने प्रत्येक वायर तिच्या कामापुरती जाड ठेवलेली असते, त्यात पाहुण्याची सोय नसते.

आधी डमी झाकण उघडून मागे बघा. काही गाड्यांत सगळ्या मॉडेलना एकच लूम टाकलेला असतो. लूम म्हणजे वायरींचा तयार जुडगा. तसं असेल तर झाकणामागे रिकामा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा खटका, टेपने बांधून ठेवलेला सापडतो. टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट असला की पेटणारा तपासणीचा छोटा दिवा, लावून करंट येतोय का पाहायचं, फ्यूज बॉक्समध्ये त्याचा खण रिकामा असेल तर फ्यूज घालायचा, आणि सॉकेट खटकन बसवायचं. हे नशीब आमचं नव्हतं.

तसं नसेल तर दोन वाटा. नुसता फोन आणि डॅशकॅम चालवायचा असेल, तर फ्यूज बॉक्समधून छोट्या जोडखणाने घ्या. हा असतो फ्यूजच्या जागी बसणारा तुकडा, जुना फ्यूज आणि नवा फ्यूज असे दोन्ही पोटात घेणारा. त्यात नवा फ्यूज लहानच ठेवायचा आणि मेहुण्यांना पंप लावू द्यायचा नाही. पंप, व्हॅक्यूम क्लीनर वगैरे लावायचं असेल, तर सरळ बॅटरीपासून स्वतंत्र वायर. मी हेच केलं आणि माझं मत विचाराल तर हेच करावं. एकदाच डॅशबोर्ड उघडायचा, मग पुरं काम करून बंद करायचा.

एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका, टेस्ट लॅम्प तर मुळीच लावू नका. सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर त्याच्याही वायरी त्याच गर्दीतून गेलेल्या असतात. तिथे किटवाल्यालाच विचारलेलं बरं. आणि सिलिंडर असलेल्या डिकीत सॉकेट नको.

चावीवर की डायरेक्ट?

बॅटरीतून थेट घेतलं की सॉकेट चोवीस तास जिवंत राहतं. ऐकायला सोयीचं. आता हिशेब बघा. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे एक अँपिअरने ३५ तास पुरेल एवढी, कागदावर तरी. डॅशकॅम पार्किंगमध्ये चालू राहिला आणि तो ०.३ अँपिअर घेत असेल, तर दिवसाला सात अँपिअर-तास गेले. तीन दिवसांत बॅटरी अर्ध्याच्या खाली, चौथ्या दिवशी सकाळी चावी फिरवली की नुसतं 'टक टक', मग शेजाऱ्यांना हाका. डॅशकॅम सोडा, रिकाम्या चार्जरवरचा निळा दिवासुद्धा ०.०२ अँपिअर घेत असेल तर महिन्याला चौदा अँपिअर-तास खातो. परदेशी मुलाकडे तीन महिने जाऊन आलेल्या आजी-आजोबांची गाडी उगाच बंद पडत नाही. शिवाय गाडीची बॅटरी स्टार्टरला एक जोरदार धक्का देण्यासाठी असते, पुन्हा पुन्हा तळापर्यंत उपसण्यासाठी नाही. तसं केलं की ती लवकर म्हातारी होते.

म्हणून सॉकेट चावीवर चालू-बंद होणारं हवं. पण सगळा १५ अँपिअरचा करंट जुन्या चावीच्या स्विचमधून नेला तर त्याचेही जोड तापणार. इथे रिले येतो. रिले म्हणजे बंगल्याचा वॉचमन. साहेब खिडकीतून नुसता हात करतात, जड फाटक तो ओढतो. चावी पहिल्या खटक्यावर आली की अगदी थोडा करंट रिलेला खूण करतो, आणि बॅटरीपासून आलेली जाड वाट रिले उघडतो. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात: ३०ला बॅटरी, ८७ला सॉकेट, ८५ आणि ८६ त्या खुणेसाठी. चाचांनी हे सांगताना चारही पाय मला स्वतःच्या बोटाने मोजायला लावले.

"पण मायलेज कमी होईल ना?" फोनच्या चार्जरला २० वॅट, हेडलाइटचे दोन बल्ब मिळून ११०. रात्री दिवे लावताना मायलेजचा विचार करत असाल तरच याचा करा.

काम चालू असताना तिथे उभे राहा

बहुतेक जण स्वतः करणार नाहीत, करूही नये. पण उभं राहून बघण्यासारख्या काही जागा आहेत.

सुरुवातीला दहाचा पाना घेऊन बॅटरीचा मायनस काढला जातो का? मायनस आधी, कारण गाडीची सगळी बॉडी मायनसलाच जोडलेली असते. मायनस काढताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, प्लस काढताना लागला तर ठिणगीचा पट्टा उडतो. शेवटी लावतानाही मायनस सगळ्यात मागून.

वायर इंजिनच्या बाजूने आत येते त्या पत्र्याच्या भोकात रबराचं बूच आहे का? नसेल तर पत्र्याची कड वर्षभरात साल कापते. बाहेरच्या भागात वायरीवर पन्हाळी नळी चढवली का? ती उष्णतेसाठी असते आणि उंदरांसाठीही, पावसाळ्यात बॉनेटखाली संसार थाटणारे सगळीकडेच आहेत. वायर घरगुती वायरिंगमधली उरलेली नको, इंजिनची उष्णता आणि तेल सोसणारी गाडीचीच हवी. चाकूने तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. पुण्यात मला सगळा माल नाना पेठेत एका फेरीत मिळाला. सॉकेट, फ्यूज होल्डर, रिले, वायर, नळी मिळून साडेआठशे रुपये, आणि चाचांची मजुरी पाचशे.

जोड पिळाचा नको, पकडीने दाबलेल्या थिंबलचा हवा. थिंबल म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा तुकडा. दाबल्यावर ओढून बघायचं, निघता कामा नये. डाग दिलेला, म्हणजे सोल्डर केलेला, चालेल का, असं मी विचारलं. चाचा म्हणाले, घरच्या रेडिओत चालेल, गाडीत डाग जिथे संपतो तिथेच तार थरथरून तुटते.

आणि अर्थ, म्हणजे मायनसची वायर गाडीच्या बॉडीला जोडतात ती जागा. ही वायर कुठल्याही स्क्रूखाली अडकवली की काम भागतं असं वाटतं, पण रंगावर बसवलेला अर्थ म्हणजे परत सैल जोडच. बोल्टखालचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडायचा, थिंबल घट्ट आवळायचं, वर थोडं ग्रीस लावायचं. कोकणात गाडी राहत असेल तर हा बोल्ट दरवर्षी पावसाळ्यानंतर एकदा बघा. खारी हवा अर्थ आधी खाते.

एवढ्यापेक्षा पॉवर बँक बरी नाही का?

बऱ्याच जणांसाठी, हो. वर्षातून दोनदा लांबचा प्रवास आणि गरज फक्त फोनची, तर चांगली पॉवर बँक घ्या आणि डॅशबोर्डला हात लावू नका. फक्त ती मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत विसरू नका. सॉकेट त्यांच्यासाठी, ज्यांची गाडी रोज रस्त्यावर असते, ज्यांना डॅशकॅम हवाय, किंवा ज्यांचे मेहुणे पंप भेट देतात.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२मध्ये मनाई आहे ती आरसी बुकातली नोंद मूळ गाडीपासून बदलेल अशा फेरफारांना. सॉकेटने इंजिन, इंधन, आसनं, यातलं काहीच बदलत नाही. पंधरा वर्षांनंतर पुढच्या पाच वर्षांसाठी फेरनोंदणीला गाडी नेली, तेव्हा आमच्या सॉकेटकडे कुणी पाहिलंही नाही.

विम्याचं जरा वेगळं. कंपनीने बसवलेली नाहीत अशी विजेची उपकरणं विम्यात धरायची तर ती सांगून, वेगळा हप्ता भरून जोडावी लागतात, पॉलिसीत त्याला आयएमटी-२४ म्हणतात. काही शेकड्यांच्या सॉकेटसाठी कुणी ते करत नाही. पण उद्या आग लागलीच, तर सर्व्हेअर पहिल्यांदा बाहेरून केलेलं वायरिंगच शोधणार आणि टेपचे पीळ बघून प्रश्न विचारणार. म्हणून मालाचं आणि मजुरीचं बिल घ्या आणि डॅशबोर्ड बंद करण्याआधी जोडांचे, फ्यूजचे फोटो काढून ठेवा.

सगळं झाल्यावर चाचांनी माझ्याकडून पैसे लगेच घेतले नाहीत. इंजिन चालू करायला लावलं, माझाच पंप सॉकेटला लावला आणि चाकाची हवा थोडी सोडून तो दहा मिनिटं चालवला. मग बॅटरीपासून सुरुवात करून ते हाताने चाचपत गेले: फ्यूज होल्डर, रबराचं बूच, रिले, अर्थचा बोल्ट. शेवटी पिन काढून माझ्या हातात दिली. कोमट होती, उन्हातून आणलेल्या स्टीलच्या पेल्याइतकी. "एवढी चालेल," ते म्हणाले. "बोट ठेववेना, तर त्याच दिवशी घेऊन या. फ्यूज उडायची वाट बघू नका."